तासाचा भाव

कारूच्या पठारावर, शहामृगांच्या कुंपणाला लागून
आमची शाळा : एक हँगर, चार विमानं,
आणि फाटकावर फळा,
नव्वद दिवसांत वैमानिक.
खालची ओळ बारीक अक्षरांत आहे : अटी लागू.
लपवायला नाही हो.
मीच रंगवली, वाकून पाठ भरून आली होती.

केनेइल्वे किम्बर्लीहून जूनमध्ये आली.
मामानं तिच्यासाठी आपली सोळा सीटांची टॅक्सी विकलेली.
पैसे भरताना तिनं एवढंच विचारलं,
"तानी हेस्टर, यात वारा धरलाय का?"
मी म्हटलं, पेट्रोल धरलंय,
खोलीभाडं धरलंय, परीक्षकाची फी धरलीय.
वारा कुणी धरत नाही.

विमानात तासाचं मीटर असतं. त्याला काटा नाही,
नुसते आकडे. इंजिन सुरू झालं की सरकतात,
तासाचा दहावा भाग, आणखी एक दहावा भाग.
धावपट्टीवरून शहामृग हाकलेपर्यंत सरकतात,
दुसऱ्याचं विमान उतरायची वाट बघतानाही सरकतात.
ती पुटपुटायची,
"हा मामाचा आरसा गेला."
"हे मागचं दार."
विसाव्या दिवशी टॅक्सीला चाकं उरली नव्हती.

सकाळी उड्डाण, दुपारी उड्डाण, रात्री हवामानाचं पुस्तक.
आमच्याकडे बिल्टाँग वाऱ्यावर वाळवतात.
घाईनं भट्टीत घातलं तर
वरून खडखडीत, आत ओलं.
हे मी तिला सांगणार होते.
पण मी स्वतः सहा वर्षं शिकले,
पोस्टातली नोकरी सांभाळून, रविवार ते रविवार.
दर रविवारी मागचं अर्धं विसरलेलं असायचं.
विसरण्याचेही पैसे मी तासाच्या भावानं भरले.
बेरीज केली तर तिच्याहून महाग पडले,
आणि तरी एकशेचाळिसाव्या तासाला
पुढचं चाक मोडलंच.
म्हणून गप्प बसले.

ऑगस्टमध्ये आठ दिवस वारा सुटला.
विमानं दोरांनी जखडलेली. खोलीभाडं चालू.
ती हँगरच्या दारात उलट्या बादलीवर बसून
वाऱ्याच्या नारिंगी पिशवीकडे बघत राहिली.
पहिले दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी
कुठल्या टेकडीवर धूळ उठली की
किती वेळानं पिशवी वळते, ते वहीत लिहायला लागली.
आठव्या दिवशी म्हणाली, "चारला पडेल."
पावणेचारला पडला.
आमच्या अभ्यासक्रमात हे आठ दिवस
'वाया' या रकान्यात जातात.

एकोणनव्वदाव्या दिवशी परीक्षक ग्रूटबूम आले,
खिशात तीन पेनं, चेहऱ्यावर एकही सुरकुती हलत नाही.
मी खालून बघत होते. तिसरं उतरणं, आडवा वारा.
चाकं टेकायला हातभर अंतर,
आणि इंजिन पुन्हा गरजलं.
ती वर गेली. फेरी घेऊन आली. उतरली.
विमानातून पाय बाहेर काढता काढता ग्रूटबूम म्हणाले,
"ते का सोडलंस? बसलं असतं की."
ती म्हणाली, "बसलं असतं.
पण मी बसवलं नसतं.
ते आपलं आपण बसलं असतं."

त्यांनी तिन्हींपैकी एक पेन काढलं.
त्या जादा फेरीचा आकडा मी नोंदवला : दोन दहांश.
टॅक्सीचा कुठला भाग होता तो,
तिनं सांगितलं नाही.

काल अपिंग्टनहून एका मुलाचा फोन आला,
नव्वद दिवस बरे की दोन वर्षं?
स्वस्त काय पडतं, पक्कं काय पडतं?
मी बराच वेळ रिसीव्हर धरून होते.
त्याला वाटलं, लाइन कापली गेली.

आज शिडी काढली.
फाटकावरच्या फळ्याची खालची ओळ पुसून
नवी रंगवली :
वारा धरलेला नाही.
अक्षर पुन्हा बारीकच आलं.
पाठ तीच आहे.